दोन नंबरची वायर

ठाणे, रविवार

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

गॅरेजवाल्याने प्लग, कॉईल, कार्बोरेटर असं सगळं धरून दिलेलं एस्टिमेट मी फाडून टाकलं. तुझी मारुती आठशे बरी झाली आहे. विकायची की नाही, ते तू ठरव.

तू म्हणालीस तसंच होतं. पाऊस पडून गेला आणि घोडबंदर रोडला गायमुखचा चढ लागला की मिसिंग मारायची (एखादा सिलिंडर पेटायचाच नाही आणि गाडी आचके द्यायची), उन्हात मात्र अगदी शहाण्यासारखी चालायची. पेट्रोलमध्ये कचरा असता तर त्याला ऊन-पाऊस काय ठाऊक? म्हणून संशय करंटवर.

काल रात्री पावसात भिजवून आणली आणि पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून, जाड रबरी हातमोजा घालून एकेक प्लगवायर (प्लगला करंट नेणारी) काढून पाहिली. क्षणभरच हं, जास्त वेळ उघडी ठेवली तर ठिणगीसाठी करंट देणाऱ्या कॉईलवर ताण येतो. पहिली काढली, इंजिन आचके द्यायला लागलं. तिसरीलाही तेच. दुसरी काढली तर काही फरकच नाही! म्हणजे दुसरा सिलिंडर नुसता बसून खात होता (आपल्या सोसायटीच्या कमिटीतही असा एक आहे). त्याचा प्लग पेट्रोलने ओला, बाकी दोघांचे बिस्किटाच्या रंगाचे. प्लगची अदलाबदल केली, तरी दुसराच बंद. प्लग निर्दोष.

मग दिवा घालवला आणि आईच्या कुंड्यांच्या बाटलीने वायरींवर हलका फवारा मारला. दोन नंबरच्या वायरीतून निळी ठिणगी तडतड करत इंजिनवर उडत होती. क्लिप निसटल्यामुळे वायर घासून चिरली होती. कोरडी असताना चीर कशीबशी तग धरायची. चढावर सिलिंडरमध्ये दाब वाढतो, प्लगला ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. अशा वेळी ओली चीर म्हणजे करंटला आयती पळवाट.

पुन्हा असं झालं तर तशीच दामटत नेऊ नकोस. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरवरचं ऑइल धुऊन नेतं.

नवा वायर सेट बसवला. आज भर पावसात गायमुखचा चढ तिसऱ्या गिअरवर चढली, एकही आचका नाही. जुन्यातल्या दोन चांगल्या वायरी डिकीत आहेत. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-२. वायरी उलटसुलट लागू नयेत म्हणून डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना करंट वाटून देणाऱ्या डबीच्या) कॅपवर आकडे लाल रंगात लिहिले आहेत. नेलपॉलिश कुठे गेलं असं आईने विचारलं, तर तुला काही माहीत नाही.

तुझा,
बाबा