किलोमीटरचा हिशेब पायांना लागू होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरू लागला की साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात पहाटेपासून वर्दळ सुरू होते. काही पळणारे, काही सायकलवाले. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तयार हिशेब फिरत असतो : एक किलोमीटर धावणे म्हणजे चार किलोमीटर सायकल. त्यावर विसंबून, शंभर किलोमीटर सायकल मारणारा गडी 'आपले पंचवीस धावून झाले' असे धरून चालतो आणि हिल हाफ मॅरेथॉनला नाव घालतो. उलट अर्धी मॅरेथॉन सहज पळणारा एकदम दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब सायकल फेरीला, उतरतो. दम दोघांचाही पुरतो. पण पहिल्याच्या मांड्या जातात आणि दुसऱ्याची मान, हात आणि बूड. हा हिशेब नेमका कुठे फसतो, ते सांगण्यासाठी हे पत्र.

आधी इंधनाचे बघू. ६० किलोच्या माणसाला सपाटीवर एक किलोमीटर पळायला साधारण ६० किलोकॅलरी लागतात. हळू पळा की जोरात, किलोमीटरमागचा हा आकडा फारसा हलत नाही. सायकलचे तसे नाही. तिथे मुख्य भांडण हवेशी असते आणि हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ढोबळ गणित केले, तर याच माणसाला ताशी २० च्या वेगाने किलोमीटरला १३-१४ किलोकॅलरी पडतात, ताशी ३० ने २४-२५. म्हणजे चारपट हे गुणोत्तर फक्त निवांत सायकलीला लागू आहे. जोर लावला की ते अडीचवर येते. दुसऱ्याच्या मागे चाक धरून चालवली तर पाव हिस्सा ताकद वाचते, आणि सांगली-मिरजेच्या सपाटीवर समोरून वारा लागला तर वाचलेली सगळी परत जाते. घाटात तर हिशेबच पालटतो. शंभर मीटरला सहा मीटर चढ असेल आणि माणूस, सायकल, बाटल्या मिळून ७५ किलो भरत असतील, तर सायकललाही किलोमीटरमागे ५० किलोकॅलरी लागतात. आणि उतरताना जवळजवळ काहीच नाही. तेव्हा एकच आकडा सगळ्या रस्त्यांना लावणे चूक आहे.

पण खरी गफलत इंधनात नाही. ती पायात आहे.

पळताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून वजनाच्या दोन ते तीन पट दणका बसतो. ६० किलोच्या माणसाच्या एका पायावर १२० ते १८० किलो, तेही पाव सेकंदात. २१ किलोमीटरला वीस-बावीस हजार पावले पडतात, म्हणजे एकेका पायाला दहा-अकरा हजार दणके. सायकलीवर वजन सीट, हँडल आणि पॅडल वाटून घेतात, दणका जवळपास नसतोच. म्हणूनच २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ 'रेस अक्रॉस अमेरिका' या सायकल शर्यतीचे सुमारे ४,८०० किलोमीटर एकट्याने बारा दिवसांच्या आत पार करू शकले. रोज चारशेच्या आसपास! इतके अंतर रोज पळून काढणे माणसाच्या पायांना शक्य नाही, हृदय कितीही तयार असो.

उताराकडे तर आपल्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. २०१२ पासून होणाऱ्या सातारा हिल मॅरेथॉनचा पहिला अर्धा भाग घाट चढायचा आणि दुसरा उतरायचा. सगळी तयारी चढाची होते, कारण धाप तिथे लागते. दुखापत मात्र उतरताना होते. उतारावर पाऊल टेकते त्या क्षणी गुडघा किंचित वाकतो आणि शरीर खाली कोसळू नये म्हणून मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आवळलेला राहतो. ताणत-आवळत केलेल्या या कामात स्नायूचे बारीक धागे तुटतात. त्या वेळी दम लागत नाही, म्हणून माणूस खुशीत वेग वाढवतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावे लागते ते त्यामुळे. सायकलीच्या पॅडलवर स्नायू फक्त आकसून जोर लावतो, ताणत-आवळत नाही. दहा हजार किलोमीटर सायकल मारली तरी मांडीला या कामाची ओळखसुद्धा होत नाही.

माणदेशातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी असते, म्हणजे पस्तीस वेळा एका पायावर उतरायचे. असे पाय पळून आणि उतरूनच घडतात.

यावर उपाय सोपा आहे, फक्त वेळ द्यावा लागतो. एकदा बेताचा उतार पळले की स्नायू पुढचे काही आठवडे त्या माराला बऱ्यापैकी सरावलेले राहतात. म्हणून सायकलवाल्याने आठ ते बारा आठवडे हाताशी ठेवावेत. आधी आठवड्यातून तीनदा वीस ते तीस मिनिटे, थोडे पळणे, थोडे चालणे. महिन्याभराने सौम्य उतारावर पाचशे मीटर, मग दहा-पंधरा दिवसांनी एकदा थोडे वाढवत घाटाचा खरा उतार. शेवटचा जोरकस उतार शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधीच संपवावा. उतरताना पावले आखूड आणि भरभर टाकावीत. मागे रेलून टाचेने ब्रेक मारू नये, त्याने दणका थेट गुडघ्यात जातो. सायकलवाल्याची छाती पायांच्या खूप पुढे गेलेली असते, त्यामुळे 'अजून जाऊ शकतो' असे त्याला रोज वाटणार. नडगीच्या हाडावर बोट दाबून एकाच ठिकाणी दुखत असेल तर पळणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. हाड तडकण्याची ती सुरुवात असू शकते.

आता पळणाऱ्याने सायकलीवर बसायचे तर. दोनशेच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, तीनशेला वीस, सहाशेला चाळीस. मिनिटाला पॅडलच्या ८० फेऱ्या धरल्या तर दहा तासांत ४८ हजार वेळा गुडघा त्याच वाटेने वाकतो. सीट एक सेंटिमीटर चुकलेली असेल तर ती चूकही ४८ हजार वेळा होते. सीट लावायची घरगुती रीत अशी : सायकल भिंतीला टेकवून बसावे, पॅडल सगळ्यात खाली घ्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय नेमका सरळ झाला पाहिजे. मग चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्याला २५ ते ३० अंशांचा बाक राहतो. गुडघ्याच्या वाटीपुढे दुखले तर सीट बहुधा खाली आहे, गुडघ्याच्या मागे दुखले तर वर. एका वेळी तीन-चार मिलिमीटरच हलवावी आणि सीटच्या दांड्यावर चिकटपट्टीने खूण करून ठेवावी.

करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागले, तर तळहाताच्या कडेची नस हँडलवर दबते आहे. कोपर सैल ठेवावे, दर दहा मिनिटांनी पकड बदलावी. गादीच्या चड्डीखाली दुसरी चड्डी घालू नये, तिची शिवणच कातडी सोलते. पळणारे हटकून जड गिअर दाबत बसतात, कारण त्यांच्या पायात जोर असतो. हलका गिअर टाकून ८०-९० फेऱ्या ठेवल्या तर मांड्या शेवटच्या पन्नास किलोमीटरला शिल्लक राहतात. केळघर किंवा पसरणी घाटासाठी पुढे ३४ दात्यांची आणि मागे ३२ किंवा ३४ ची चकती असावी. हे घाट उतरताना ब्रेक सतत धरून ठेवले तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. दाबा-सोडा, दाबा-सोडा असे करत उतरावे.

हृदयाच्या ठोक्यांचेही एक लक्षात ठेवावे. सायकलीवर कमाल ठोके पळण्यापेक्षा साधारण पाच ते दहाने कमी मिळतात. धावण्याचा आकडा सायकलवर गाठायला गेले की माणूस निम्म्या वाटेत संपतो.

खाण्यात मात्र सायकलवाल्याची चैन असते. शरीरातला साखरेचा साठा जोराच्या कामाला दीड-दोन तास पुरतो, पुढे तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात गेलीच पाहिजेत. दोन केळी म्हणजे जवळपास ५० ग्रॅम. सायकलीवर पोट हलत नाही, त्यामुळे उकडलेला बटाटा, गूळ-पोळी, राजगिऱ्याचा लाडू सगळे चालते. पळताना पोट हिंदकळते आणि आतड्यांचा रक्तपुरवठा घटतो, तिथे लाडू उलटतो. घोट-घोट पातळ आणि तेही सरावात आधी खाऊन पाहिलेलेच घ्यावे. घाम दोघांनाही येतो, पण सायकलवाल्याचा वाऱ्याने जागच्या जागी वाळतो आणि त्याला पत्ताच लागत नाही. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करावे. वाटेत काही प्यायले नसेल, तर एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेले. आणि भीतीपोटी नुसते पाणी ढोसूही नये. रक्तातले मीठ पातळ होऊन बोटे सुजणे, डोके ठणकणे, उलट्या आणि बरळणे सुरू होते. अशा माणसाला आणखी पाणी न पाजता सरळ दवाखान्यात न्यावे.

फक्त सायकलच चालवणाऱ्यांना आणखी एक सांगायला हवे. दणका नाही म्हणून गुडघे सुखी राहतात, पण हाडांनाही काम मिळत नाही. वर्षानुवर्षे नुसत्या सायकलीवर असलेल्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता कमी आढळते. आठवड्यातून दोनदा वजने उचलणे, दोरीवरच्या उड्या किंवा थोडे पळणे जोडीला असावे.

आयोजकांना आणि क्लबांना विनंती आहे की नावनोंदणीच्या अर्जात 'आठवड्याला किती किलोमीटर' एवढेच विचारू नये. पळणाऱ्यांना 'गेल्या दोन महिन्यांत उतारावर किती पळालात' आणि सायकलवाल्यांना 'एका बैठकीत सर्वांत जास्त किती तास सीटवर होतात' हेही विचारावे. उत्तर शून्य आले, तर त्याला पुढच्या वर्षाची जागा राखून ठेवावी आणि तोवर सरावाला बोलवावे. आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर शर्यतीच्या तीन महिने आधी उताराच्या सरावाचे वेळापत्रक छापता आले, तर घाट उतरताना लंगडणारे कमी दिसतील.

कळावे,
एक वाचक, सातारा