रविवारच्या फेरीची आठवण

सभासदांनो, येत्या रविवारी सकाळी साडेसहाला पणजीत जुन्या पाटो पुलापाशी जमायचे आहे. सातनंतर ऊन चढते, वाट पाहिली जाणार नाही.

मागच्या बैठकीत कुणी तरी 'विटांचे जुने गोदाम' म्हणाले. विटा शोधू नका. आपल्याकडे बांधकाम चिऱ्याचे. आपण पाहणार आहोत ते आजचे मुख्य पोस्ट ऑफिस, म्हणजे पूर्वीचे तंबाखूचे घर. तंबाखूवर पोर्तुगीज सरकारचा मक्ता होता आणि माल ब्राझीलच्या बाहियाहून जहाजाने गोव्यात येई. जागा पाहिली की तंबाखूचे घर इथेच का, ते कळते: पलीकडे मांडवी नदी, बाजूला मळा या वस्तीकडे जाणारी खाडी. मला तरी पत्रे टाकताना हे कधी सुचले नव्हते!

समोरच जुनी टांकसाळ. १८३४ ते १८४१ अशी जेमतेम सात वर्षे तिथे नाणी पडली. पणजी अधिकृत राजधानी झाली ती त्यानंतर, १८४३ साली.

रविवारी पोस्ट बंद, त्यामुळे इमारत बाहेरूनच पाहायची. टांकसाळीच्या घराच्या आवारात शिरू नये. पाण्याची बाटली आणि टोपी आणा. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत चिटणिसांना कळवावे.