माळा घालण्याआधी

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

गिरगावातल्या खोलीत माळा घालायचा म्हणतेस. सुताराला बोलावण्याआधी टेप घेऊन जा आणि उंची तुळईच्या खालून मोज, तीन-चार ठिकाणी. जुन्या चाळीची जमीन एका अंगाला इंच-दोन इंच उतरलेली असतेच.

समजा १२ फूट भरली, म्हणजे १४४ इंच. खाली वावरायला ८० ठेव, लोखंड आणि प्लायला ५. वर उरले ५९. तिथे बसशील, झोपशील. उभं राहता येणार नाही. दोन्हीकडे उभं राहायचा हट्ट धरलास तर दोन्हीकडे उंची जेमतेम पडेल. खोली १० बाय १२ आहे, तर माळा ८ फूटच खोल कर. गॅलरीकडचे ४ फूट छतापर्यंत मोकळे सोड, नाहीतर खाली भर दुपारी दिवा लावावा लागेल.

खरी मेख भिंतीत आहे. थोडं प्लास्टर खरवडून जाडी बघ. ९ इंची असेल तर ठीक. अर्ध्या विटेची पडदी माळ्याचा भार घेत नाही. मग खांब आले, आणि त्यांचा भार नेमका लाकडी जमिनीवर. चौरस मीटरला २०० किलो धरायचे असतात, म्हणजे ८० चौरस फुटांना जवळजवळ दीड टन. भिंत आणि तुळया स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखव. घरमालकाची लेखी संमती घे, वॉर्ड ऑफिसात विचार. मिस्त्री म्हणेल, 'माळ्याला कसली परवानगी!' म्हणू दे.

इंजिनिअर हो म्हणाला तर १०० बाय ५० मिलिमीटरची पाच चॅनेल (पन्हळीसारख्या आकाराच्या लोखंडी तुळया), दोन-दोन फुटांवर. ७५ची स्वस्त पडतात, पण १० फुटांत पायाखाली लवतात. १० फुटांच्या खोलीत त्याहून लांब चॅनेल बसवायचं कसं? एका भिंतीत ७ इंच खोल खाच, समोर साडेतीन. आधी खोल खाचेत सरकवायचं, मग मागे ओढायचं. दोन्हीकडे साडेतीन इंच टेकतं. म्हणून तुकडा १० फूट ७ इंचांचा काप. टोकांखाली लोखंडी पट्टी आणि उरलेल्या पोकळीत न आकसणारं ग्राउट, म्हणजे भरायचा सिमेंटचा पातळ मसाला. टोकांना रेड ऑक्साइड आधीच मार. नंतर तिथे ब्रश पोचत नाही, आणि पावसाळ्यात गंज तिथूनच धरतो.

चॅनेल दारुखान्याच्या लोखंड बाजारातच कापून, भोकं पाडून आण. वर फक्त नटबोल्ट. खोलीत वेल्डिंग नको म्हणजे नको. ठिणगी फळ्यांच्या फटीत जाते, जुन्या धुळीत धुमसत राहते, आणि मिस्त्री घरी गेल्यावर पेटते. तुकडा जिन्याच्या वळणावर वळतो का तेही बघ, नाहीतर गॅलरीतून दोरीने ओढावा लागेल.

वर १८ मिलिमीटर मरीन प्लाय, ८ बाय ४चे तीन ताव. अडीच माळ्यावर जातील, उरलेल्या अर्ध्यातून जिन्याच्या नऊ पायऱ्या निघतात. दोन तावांत ३ मिलिमीटर फट ठेव. घट्ट बसवले तर पावसाळ्यात फुगून करकरतात. जिना माळ्याच्या कडेला समांतर, साडेआठ इंचांचे दहा चढ.

माळ्याखाली छताचा पंखा लावू नकोस, हात वर गेला की पात्याला लागेल. दोन्हीकडे भिंतीचे पंखे. वायरिंगचं सामान लोहार चाळीत मिळेल. माळ्याला वेगळा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, हवाच.

मापं कागदावर काढून पाठव, तुळयांच्या टोकांचे फोटोही. वाळवी असली तर तिथेच दिसते.

तुझे
बाबा