हलक्या बंदुकीला हलका बार: मिस्त्रीचाचांना खुलं आभारपत्र

आदरणीय मिस्त्रीचाचा,

सलाम आणि नमस्कार.

परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या परवानाधारकांना बंदूक आणि काडतुसाची जोडी कशी जमवायची, हे तुम्ही वर्षानुवर्षं न कंटाळता सांगत आलात. गिऱ्हाईक ‘जोरदार माल द्या’ म्हणालं की तुम्ही आधी बंदूक काट्यावर ठेवता, नळीच्या बुडाचे शिक्के वाचता, मग काय ते बोलता. त्यापायी कितीतरी विक्री तुम्ही हातची घालवली असेल. अशा माणसाचे आभार कोरड्या दोन ओळींत उरकणं बरं दिसत नाही. तुम्ही जे सांगता ते इथे मांडतो, म्हणजे तुमच्यापर्यंत न पोचलेल्यांच्याही ते कामी येईल.

सगळ्यात आधी वजन. छर्ऱ्यांच्या वजनाच्या निदान ९६ पट बंदूक असावी, हा इंग्रज कारागिरांचा जुना ठोकताळा तुम्ही प्रत्येकाकडून घोकून घेता. बंदुकीचं ग्रॅममधलं वजन ९६ ने भागायचं, की खांद्याला सोसेल असा बार, म्हणजे काडतुसातल्या छर्ऱ्यांचं वजन, निघतो. ३.४५ किलोच्या बंदुकीला ३६ ग्रॅम, ३.१ किलोला ३२, २.७ किलोच्या हलक्या दुनळीला २८ आणि अडीच किलोवाल्या बंदुकीला जास्तीत जास्त २६. हा काही कायदा नव्हे. दस्ता अंगाला नीट बसत असेल आणि मागे चांगला रबर पॅड असेल तर दोन ग्रॅम इकडेतिकडे चालून जातात. पण २.७ किलोच्या बंदुकीत ३६ ग्रॅमचं मॅग्नम, म्हणजे जड बाराचं काडतूस, भरणाऱ्याला पॅडही वाचवत नाही. वेग तोच धरला तरी छर्रे सव्वापटीहून थोडेच वाढतात, धक्क्याची ऊर्जा मात्र दीडपटीच्या पुढे जाते, कारण ती छर्ऱ्यांच्या वजनाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते. दिवसभर खांद्यावर वागवायला हलकी बंदूक झकास. तिची वसुली होते ती घोडा ओढताना.

लाथ बसली की खांदा काळानिळा होतो, ते निदान दिसतं. न दिसणारं नुकसान मोठं. माणूस बिचकायला लागतो. घोडा ओढण्याआधीच डोळा मिटतो, नळीचं तोंड खाली जातं आणि बार निशाणाखालून निघून जातो. मग तो म्हणतो काडतूस कमजोर आहे, आणि आणखी जड मागतो. दोन घोड्यांच्या दुनळीत तर पहिल्या बाराच्या झटक्याने बोट मागच्या घोड्यावर आपटून दुसरी नळीही सुटू शकते. बंदुकीचेही हाल होतात. दस्ता जिथे बारीक होतो त्या मानेपाशी केसाएवढी चीर पडते आणि नळ्या बुडाशी सैल होतात. यासाठी तुमची तपासणी सोपी आहे: बंदूक रिकामी करा, नळीखालचा लाकडी भाग काढा, दस्ता काखेत दाबा आणि नळ्या डावी-उजवीकडे हलवून पाहा. टकटक जाणवली किंवा उजेडाकडे धरल्यावर बुडाशी फट दिसली, तर बार काढायचा नाही, बंदुकीचा मिस्त्री गाठायचा.

दुसरी गोष्ट चेंबरची, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं त्या जागेची, लांबी, आणि इथे तुम्ही कुणाचंही ऐकत नाही, हे फार बरं. मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या इंग्रजी दुनळ्या अजून काही घरांत आहेत. हलक्या, देखण्या, आणि बहुतेक ६५ मिलिमीटर, म्हणजे अडीच इंची चेंबरच्या. काडतुसावर लिहिलेली ७० मिलिमीटर लांबी मात्र उडाल्यानंतरची, तोंड उलगडल्यावरची असते. न उडालेलं, चांदणीसारखी घडी घातलेलं ७० चं काडतूस साधारण ५८ मिलिमीटरच भरतं. त्यामुळे ते ६५ च्या चेंबरमध्ये बिनबोभाट बसतं, बंदूक बंदही होते. उडताना घडी उलगडते आणि चेंबरपुढच्या निमुळत्या भागात घुसते, वाट आवळते, दाब चढतो. ‘बसतंय की’ हा पुरावा नाही, हे तुमचं पालुपद म्हणूनच. शिक्का पुसला असेल तर २० मिलिमीटरपेक्षा किंचित रुंद पोलादी पट्टी बुडाकडून आत सोडून ती कुठे अडते ते पाहता येतं, पण अखेरचं माप मिस्त्रीकडच्या गेजचंच. नळीवर पिळाची नक्षी दिसली, म्हणजे दमास्कस नळी असली, तर हल्लीचं कुठलंच काडतूस नको. ती भिंतीवर शोभते.

नव्या बंदुकीवर युरोपी शिक्के असतील तर साध्या १२ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा लहान तशी नळी रुंद) काडतुसाचा कमाल दाब ७४० बार (इथे बार हे दाबाचं एकक) आणि हाय परफॉर्मन्सचा १०५० बार, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. काडतुसाच्या पेटीवर हाय परफॉर्मन्स लिहिलेलं असेल आणि नळीवर त्याचा शिक्का नसेल, तर ती पेटी परत. तसंच लोखंडी छर्रे जुन्या, तोंड आवळलेल्या नळीत घालायचे नाहीत.

वेगाचं वेड तुम्ही उतरवलंत त्याचे आभार वेगळे. गोल छर्रा हवेत फार लवकर मंदावतो. तोंडापाशी सेकंदाला ३० मीटर जास्त मिळाले, तरी ३५ मीटरवर त्यातले निम्मेही शिल्लक राहत नाहीत, धक्का मात्र पुरेपूर खांद्यावर येतो. ट्रॅप आणि स्कीट, म्हणजे उडत्या चकत्यांवरच्या नेमबाजीच्या, आंतरराष्ट्रीय स्पर्धांत छर्ऱ्यांचं वजन २४.५ ग्रॅमच्या वर चालत नाही, आणि छर्रा २.६ मिलिमीटरपेक्षा मोठा नको. तेवढ्यावर जगातले उत्तम नेमबाज चकत्या फोडतात. ट्रॅपला साडेसात किंवा आठ नंबर, स्कीटला नऊ (नंबर मोठा तसा छर्रा बारीक). ऑटोमॅटिक बंदूक असेल तर एक पाहावं लागतं: २४ ग्रॅमवर काहींचं उडालेलं रिकामं काडतूस बाहेर पडत नाही, अडकून बसतं. तिथे २८ वर यावं.

बार योग्य की नाही हे शेवटी कागद सांगतो. अधिकृत रेंजवर चार फूट बाय चार फुटांचा कागद ३६ मीटरवर लावायचा, एक बार काढायचा, आणि जिथे छर्रे जास्त दाटले तिथे ७६ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ आखून मोजायचं. २८ ग्रॅममध्ये इंग्रजी मापाच्या साडेसात नंबरचे सुमारे ४०० छर्रे असतात. फुल चोकमधून (चोक म्हणजे नळीच्या तोंडाचा आवळा) ७० टक्के, म्हणजे २८० च्या आसपास, वर्तुळात हवेत. हाफ चोकमधून ६० टक्के, म्हणजे २४०. प्रत्येक नळीचे पाच कागद करून सरासरी काढायची, एका कागदावर भरवसा नाही. मधे पोकळी दिसली तर वजन वाढवण्याआधी दुसऱ्या कंपनीचं किंवा कमी वेगाचं काडतूस लावून पाहायचं. जड बारात तळाचे छर्रे चेपतात आणि वाकडे जातात, म्हणून हलक्या बाराचा कागद पुष्कळदा जास्त सारखा निघतो.

शेतराखणीचा परवाना असलेल्यांनी तर तुमचं हे ऐकावंच. बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुक्कर किंवा रोही मारण्याची परवानगी नव्हे; ती वन खात्याकडून वेगळी लागते. हुसकवायला आवाज पुरतो, आणि तो २४ ग्रॅमच्या काडतुसाचाही पुरतो. साडेसात नंबरचा छर्रा २०० मीटरच्या आसपास पडतो, एलजीचा, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांच्या काडतुसाचा, ७०० मीटरपर्यंत जाऊ शकतो. पलीकडच्या रानात कापूस वेचणाऱ्या बाया असतात, मळ्यात वस्ती असते. शिवाय हलक्या बंदुकीत एलजीचा धक्काही काही थोडाथोडका नसतो.

२० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या घरात चुकूनही राहू द्यायचं नाही. ते चेंबरमधून पुढे घसरून अडतं, नळी रिकामी वाटते, वरून १२ चं घातलं की नळी फुटते. ते पिवळं असतं ते यासाठीच. खिसे आणि पट्टा रोज रिकामे करावेत. बार नुसता ‘फुस्स’ झाला तर पुढचं काडतूस भरण्याआधी नळीत वॅड, म्हणजे दारू आणि छर्ऱ्यांमधलं बूच, अडकलंय का ते पाहायचं. घोडा ओढूनही काही झालं नाही, तर तोंड सुरक्षित दिशेला धरून मिनिटभर थांबायचं, मग बंदूक उघडायची.

मे महिन्यात पत्र्याखाली काडतुसं ठेवू नका, असं तुम्ही दर उन्हाळ्यात बजावता. तापलेल्या दारूचा दाब वाढतो. हलक्या, जुन्या बंदुकीला तो नको असतो. पावसाळ्यात कागदी काडतुसं फुगतात आणि चेंबरमध्ये अडतात. ती ठोकून बसवायची नाहीत, बाजूला काढायची. काडतुसांना तेलाचा हात लावायचा नाही, पितळ हिरवं पडलेलं वापरायचं नाही. आणि कागदावर चांगला उतरलेला लॉट मिळाला, तर परवान्यावर लिहिलेल्या संख्येत बसेल तेवढा त्याच लॉटमधून घ्यावा, कारण पुढच्या पेटीचा कागद पुन्हा काढावा लागतो.

आपले ऋणी,
परभणी, हिंगोली आणि नांदेडकडचे परवानाधारक