ओस्लोहून बाबांना: फाशी, जन्मठेप आणि आडा बाजारातली गाय

ओस्लो, ९ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

माझी प्रकृती उत्तम आहे आणि बाकीचे सारे रविवारच्या फोनवर होतेच, म्हणून ते येथे लिहीत नाही. गेल्या रविवारी फाशी असावी की नसावी यावरून बोलताना बाबांनी मध्येच फोन आईकडे दिला, तो विषय मात्र मनातून गेला नाही. फोनवर आपण दोघेही एकमेकांचे वाक्य पुरे होऊ देत नाही. कागदावर निदान माझे वाक्य पुरे होईल.

बाबा, तुम्ही विचारलेत की ज्या देशात ७७ माणसे मारणाऱ्याला २१ वर्षांची शिक्षा होते, त्या देशात मुलीने एकटीने राहायचे कसे. २२ जुलै २०११ च्या नॉर्वेतल्या त्या हत्याकांडाबद्दल ब्रेविकला २०१२ साली जी शिक्षा झाली, ती साधी कैद नव्हे. तिला येथे ‘फोरवारिंग’ म्हणतात. मुदत संपताना तो अजूनही धोकादायक आहे असे न्यायालयाला वाटले, तर ती दर वेळी पाच वर्षांपर्यंत वाढवता येते, आणि अशी वाढ कितीही वेळा होऊ शकते. २०२२ साली त्याने सुटकेसाठी अर्ज केला, तो फेटाळला गेला. तेव्हा आईने रात्री दाराला कडी लावली का म्हणून विचारणे बंद करावे, मी लावते.

हे लोक जन्मतः मऊ मनाचे आहेत, असेही समजू नका. दुसऱ्या महायुद्धात नाझींना सामील झालेल्या क्विसलिंगला यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये येथल्याच आकर्सहुस किल्ल्यात गोळ्या घातल्या. युद्धकाळासाठी राखून ठेवलेली मृत्युदंडाची तरतूद कायद्यातून गेली ती १९७९ साली.

आता आईला गंमत वाटेल अशी एक गोष्ट, जी मला चार वर्षांत पुरती कळलेली नाही. येथे कैदेच्या शिक्षेची रांग असते. माझ्या कचेरीतल्या एका बाईंचा भाऊ दारू पिऊन गाडी चालवताना सापडला आणि त्याला काही आठवड्यांची कैद झाली. निकाल ऐकून तो घरी गेला, कामावर जाऊ लागला, आणि बऱ्याच दिवसांनी तुरुंगाकडून त्याला पत्र आले की अमुक दिवशी अमुक वाजता हजर व्हावे. त्या आठवड्यात पुतणीचे लग्न होते, म्हणून त्याने तारीख पुढे ढकलण्याचा रीतसर अर्ज केला! मग ठरलेल्या दिवशी बॅगेत कपडे भरून, बहिणीने केलेला केक खाऊन, तो बसने तुरुंगात गेला. खुनासारख्या गुन्ह्यातला माणूस असा घरी सोडत नाहीत, हे आधीच सांगते, नाहीतर बाबा पत्र येथेच ठेवतील. पण आई, तो पळून कसा गेला नाही, असे मी त्या बाईंना विचारले, तेव्हा त्यांना माझा प्रश्नच कळेना. मी तीनदा विचारला. शेवटी त्या म्हणाल्या, “पळून कुठे जाणार, घर तर इथेच आहे.” तुरुंगात जागा पुरेना तेव्हा, २०१५ साली, यांनी नेदरलँड्समधला एक तुरुंग भाड्याने घेतला आणि कैदी तिकडे पाठवले, हेही खरे आहे.

बाबांचे म्हणणे असे की हे सारे पन्नास लाख लोकांच्या श्रीमंत देशाला परवडते. आपल्याकडे जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, आणि मग गडी मोकळा. तुम्ही जिल्हा न्यायालयात जन्म काढलात, तुम्हाला मी काय सांगावे. पण काकांना तरी सांगा की १९६१ सालीच सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप म्हणजे उरलेले सारे आयुष्य असे म्हटले आहे, आणि २००८ पासून फाशीऐवजी वीस-तीस वर्षे किंवा मरेपर्यंत, सवलतीविना, अशी कैद देण्याची वाटही आहे. गुन्हेगार बाहेर येऊ नये एवढेच तुम्हाला हवे असेल, तर ते फाशीशिवायही होते.

मी तिकडे जाऊन बदलले, हा आरोप मात्र मला लागला. २०१८ च्या मे महिन्यात आपल्या इंदूरच्या राजवाड्याजवळच्या त्या तान्ह्या मुलीच्या खुनाच्या खटल्यात महिन्याच्या आत फाशी सुनावली गेली, तेव्हा मीच सराफ्यातून पेढे आणले होते आणि आईने ते देवापुढे ठेवले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, कारण घाईत आरोपीला बचावाची पुरेशी संधी मिळाली नव्हती, आणि खटला मुळापासून पुन्हा चालवायला सांगितला. मला तेव्हा त्या आरोपीची दया आली नाही, खोटे कशाला लिहू. पण त्या आईबापांना पुन्हा पहिल्या तारखेला उभे राहावे लागणार, या विचाराने पेढ्यांची लाज वाटली. निदान तेथे खटला पुन्हा चालवता आला. महाराष्ट्रातल्या ज्या सहा जणांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली पक्की केली, त्यांना २०१९ साली त्याच न्यायालयाने निर्दोष सोडले. मधल्या दहा वर्षांत कोणी दोर ओढला असता, तर ते सोडणार कोणाला होते?

लहानपणी आडा बाजारातून जाताना तुम्ही नेहमी सांगायचात की मालेरावांच्या रथाखाली वासरू मेले, तेव्हा अहिल्यादेवींनी पोटच्या मुलाला तसेच रथाखाली घालण्याचा हुकूम दिला. दंतकथाच ती, पण सांगताना तुमचा आवाज चढायचा. रथापुढे गाय आडवी आली, एवढे मात्र तुम्ही भराभर उरकून जलेबीच्या दुकानाकडे वळायचात. ती त्याच वासराची आई होती, बाबा.

असो. तुमच्या मोतीबिंदूच्या वेळी मला येता आले नाही, शेजारच्या मुलाने तुम्हाला नेले-आणले, ही गोष्ट मी हसत बोलते तेवढी हलकी नाही. साठ हजार पाठवले आहेत. ते शस्त्रक्रियेचे आहेत, छकुलीच्या लग्नाच्या कार्यालयाचे वेगळे पुढच्या महिन्यात येतील, ते परत करू नका. लग्नाला दहा दिवसांची रजा मंजूर झाली, साखरपुड्याला नाही. छकुलीला मीच फोन करून सांगेन, तोवर तुम्ही बोलू नका. आत्याने काढलेले देवासचे स्थळ सरकारी वकील आहे म्हणून मी नाही म्हणते, असे तिला वाटू देऊ नये. कारण वेगळे आहे, ते आल्यावर सांगेन.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, फाशीची सही करून न्यायाधीशांनी मोडलेले एक निब तुमच्या खणात काडेपेटीत ठेवलेले असते. त्या खटल्याचे पुढे उच्च न्यायालयात काय झाले, ते तुम्ही कधी सांगितले नाही. रविवारी सांगाल का?