संमतीपत्र साहेबांच्या कपाटात

मा. संपादक,

उद्योगांना पर्यावरणाची परवानगी किती दिवसांत मिळते, यावर सध्या भरपूर छापून येतं. मिळालेल्या कागदावर लिहिलंय काय, हे मात्र कोणी विचारत नाही. एका रासायनिक कारखान्यात बावीस वर्षं ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा, सांभाळली, म्हणून लिहावंसं वाटलं.

'बोर्डाची', म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाची, 'परवानगी आहे' म्हटलं की शेजारपाजारचे लोक गप्प बसतात. पण 1974 च्या जल कायद्याखालची संमती अटींसकट येते. रोज किती घनमीटर पाणी सोडायचं, ते कुठं सोडायचं, स्लज, म्हणजे शुद्धीकरणानंतर उरणारा गाळ, कुणाकडे द्यायचा, सगळं त्यात असतं. नाल्या-नदीत सोडायच्या पाण्याचं सर्वसाधारण मानक म्हणजे बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला 30 मिलिग्रॅम आणि सीओडी (ती रसायनानं विघटित करायला लागणारा ऑक्सिजन) 250 पर्यंत. घातक कचरा आवारात साधारणपणे 90 दिवसांच्या वर ठेवता येत नाही.

आमच्याकडे हा कागद साहेबांच्या कपाटात असे. रात्रपाळीचा ऑपरेटर व्हॉल्व्ह फिरवणार, पण मर्यादा किती हे त्याला ठाऊक नाही. रोजच्या नोंदींचं लॉगबुक महिनाअखेरीला एका बैठकीत, एकाच पेनानं भरलं जाई. तीसही दिवस पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी याचा आकडा, 7.2. दिवाळीत प्लांट चार दिवस बंद होता, तेव्हाही 7.2! त्या पानांखाली माझीही सही आहे, हे लपवत नाही.

आता 'लवकर द्या'चं बघू. जल कायद्याच्या कलम 25(7) नुसार अर्ज परिपूर्ण असेल आणि मंडळानं चार महिन्यांत हो-नाही काहीच कळवलं नाही, तर संमती मिळाली असं धरलं जातं, तीही बिनशर्त. अर्जदाराला ताटकळत ठेवू नये हे मान्य. लहान उद्योजकाचे हेलपाटे मी पाहिलेत. पण अटच घातलेली नाही, तर ती मोडली असं कोण म्हणणार? सर्वसाधारण मानकं तेव्हाही लागू असतात, पण पाण्याचं प्रमाण, स्लजची वाट, असं त्या कारखान्यापुरतं काही ठरलेलंच नसतं. मंडळाकडे माणसं कमी म्हणून फाइल पडून राहिली, तर त्याचा भुर्दंड नाल्याकाठच्या विहिरींनी का सोसावा?

त्याच कलमातलं 25(6) मात्र कुणाच्या गावीही नसतं. मंडळानं अटींची नोंदवही ठेवायची आणि त्या सांडपाण्याची झळ ज्याला पोचते त्याला ती बघू द्यायची, असं तिथं स्पष्ट आहे. संमतीपत्रं हल्ली संकेतस्थळावर सापडतात, हे चांगलंच. पण इंग्रजीत, पानंच्या पानं. ज्याच्या विहिरीला फेस येतो, त्यानं ती कशी वाचायची?

घातक कचरा हाताळणाऱ्या कारखान्यांनी गेटबाहेर माहितीचा फलक लावावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2003 चा आदेश आहे. फलक दिसतात, पण बरेचसे रंग उडालेले किंवा झुडपाआड गेलेले. मंडळानं लाल आणि नारिंगी, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या, वर्गातल्या प्रत्येक कारखान्याला संमतीतच एक अट घालावी: रोज किती पाणी सोडायची मुभा आहे, मर्यादा काय आहेत आणि मंडळानं घेतलेल्या शेवटच्या नमुन्यात काय आढळलं, हे गेटबाहेर, रस्त्यावरून वाचता येईल अशा मराठीत लिहायचं. नमुन्याची तारीखही टाकायची. ती दोन वर्षांपूर्वीची असेल, तर तेही लोकांना दिसू दे.

– एक निवृत्त केमिस्ट