नाव न सांगता मदत करून गेलेल्यांचे आभार

आमचे आजोबा गेले. १९७१ च्या युद्धात ते 'विक्रांत'च्या बॉयलर रूममध्ये होते. पण युद्धाचं काही विचारावं, तर बोलणं फिरून वंशावळीवर यायचं! खात्री होईपर्यंत नाव पेन्सिलने, मगच शाईने. लेकी-सुनांची नावं जुन्या कागदांत सहसा नसतात. ती त्यांनी हट्टाने शोधली.

त्र्यंबकेश्वरला नामावळीच्या वह्या काढून देणारे गुरुजी, मोडी कागद वाचून देणाऱ्या ताई, अपरात्री रक्त द्यायला धावलेली मुलं, आणि स्मशानात कडक सॅल्यूट ठोकून निघून गेलेले ते वयस्कर नौसैनिक – तुम्हा सर्वांचे आम्ही कुटुंबीय मनापासून ऋणी आहोत. वंशावळीतल्या पेन्सिलच्या नोंदी आता आत्या पुढे नेतेय.